बंदुकांचे ब्लूइंग, बिघडलेली कामे आणि परवानाधारकांचे मौन

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

शस्त्र परवान्यांविषयी वृत्तपत्रांतून ज्या बातम्या येतात, त्या बहुधा परवाना कोणाला मिळाला, कोणाचा रद्द झाला किंवा निवडणुकीच्या तोंडावर किती शस्त्रे जमा झाली, एवढ्यापुरत्याच असतात. ज्या बंदुका रीतसर परवान्यावर पिढ्यानपिढ्या घरांत आहेत, त्यांच्या देखभालीचे काय होते, याबद्दल सहसा कोणी लिहीत नाही. त्यातल्या एकाच बाबीकडे मला आपले आणि वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. जुन्या बंदुकीच्या नळ्यांना नव्याने ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर काळा थर, करून देतो असे सांगून परवानाधारक दुरुस्ती दुकानांत जी कामे केली जातात, ती अनेकदा इतकी चुकीच्या पद्धतीने होतात, की बंदूक दुकानात देताना होती त्यापेक्षा वाईट आणि कधी कधी धोकादायक अवस्थेत परत येते. पैसे मात्र पूर्ण घेतले जातात, आणि ज्याचे नुकसान झाले तो गप्प बसतो.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातला शेतकरी आहे. आमच्या भागात आणि शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात शेती संरक्षणासाठी दिलेले बंदुकीचे परवाने बरेच आहेत. भात, काजू, नारळ आणि केळी यांच्यावर रानडुक्कर, वानर आणि गवे यांची जी धाड पडते, ती ज्याने पाहिली आहे त्याला या परवान्यांचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे बंदुकीचा उपयोग बहुतेक वेळा आवाज करून जनावर पिटाळण्यापुरताच होतो, पण त्यासाठीही ती सुस्थितीत असावी लागते. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा राहिलेली बंदूक, या तिन्हींमुळे नळ्यांवर गंज चढतोच. तेलाचा हात नियमित फिरवला तरी बारीक खड्डे पडतात, मूळचा निळसर काळा रंग उडतो आणि मग कधीतरी ब्लूइंग करून घ्यावे लागते.

इथे कायद्याची एक बाजू लक्षात घ्यायला हवी. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदूक बनवणे आणि विकणे यांबरोबरच तिची दुरुस्ती करण्याच्या व्यवसायालाही परवाना लागतो. त्यामुळे गावातला लोहार कितीही कसबी असला तरी त्याच्याकडे बंदूक नेता येत नाही, आणि ती तशी नेता येऊ नये हेही योग्यच आहे. पण याचा अर्थ असा, की ग्राहकाला निवडीला फारसा वावच नाही. जी मोजकी दुकाने शहरांत आहेत, त्यांच्याकडेच जावे लागते. कायद्याने ज्यांच्या हाती हे काम एकवटले आहे, त्यांची जबाबदारी इतर कोणत्याही दुरुस्ती दुकानापेक्षा अधिक असायला हवी. त्यातच २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका बाळगता येतात आणि वारशाने आलेल्या बंदुकाही त्यातच मोजल्या जातात. ज्याच्या घरात एकच दुनळी आहे, त्याची ती बिघडली तर दुसरी घेणे किती अवघड, हे परवान्यासाठी खेटे घातलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

ब्लूइंग म्हणजे रंग नव्हे, हे अनेक बंदूकधारकांनाही नीट माहीत नसते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पोलादाच्या पृष्ठभागावर लोहाचे जे ऑक्साइड मुद्दाम तयार केले जाते, त्याचा थर म्हणजे ब्लूइंग. तांबडा गंज हेही लोहाचे ऑक्साइडच, पण तो भुसभुशीत असतो आणि आत आत खात जातो; ब्लूइंगमध्ये तयार होणारे काळे ऑक्साइड, म्हणजे मॅग्नेटाइट, पृष्ठभागाला घट्ट धरून राहते. हा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा असतो, तर माणसाच्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन असते. एवढ्या पातळ थराने खड्डा भरत नाही, ओरखडा झाकला जात नाही आणि तेलाशिवाय गंजही थांबत नाही. ब्लूइंगनंतर बंदूक कशी दिसेल, हे जवळजवळ सर्वस्वी त्याआधी केलेल्या घासकामावर अवलंबून असते.

हा थर बसवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एक जुनी, सावकाशीची. नळी तेलाचा अंशही उरणार नाही अशी स्वच्छ करून तिच्यावर सौम्य आम्लयुक्त द्रावणाचा पातळ हात फिरवतात, दमट पेटीत काही तास ठेवून तिच्यावर तांबड्या गंजाची बारीक लव येऊ देतात, मग ती स्वच्छ पाण्यात उकळतात. उकळल्यावर तांबडे ऑक्साइड काळे होते. वर सुटलेली काजळी मऊ तारेच्या ब्रशने काढून टाकतात आणि पुन्हा सगळे पहिल्यापासून करतात. असे सहा, आठ, कधी दहा वेळाही करावे लागते. दुसरी पद्धत कारखान्याची. सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, आणि सोडियम नायट्रेट किंवा नायट्राइट यांचे अतिशय तीव्र द्रावण साधारण १३५ ते १५० अंश सेल्सिअसला उकळत ठेवून त्यात नळी बुडवतात. अर्ध्या-पाऊण तासात काम होते, रंग एकसारखा आणि गडद येतो. एकनळी बंदुकीसाठी, ईशापूरच्या .३१५ रायफलीसाठी, रिव्हॉल्व्हरसाठी ही पद्धत उत्तम आहे आणि तिला माझा काहीही आक्षेप नाही.

आक्षेप आहे तो ही पद्धत दुनळीला वापरण्याला. जुन्या दुनळी बंदुकीत दोन नळ्यांच्या मधल्या वरच्या आणि खालच्या पट्ट्या शिसे आणि कथील यांच्या डाखाने जोडलेल्या असतात. हा डाख कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात टिकत नाही. माझी बंदूक बिघडल्यावर मी ज्या दुकानात ती दिली होती, तिथल्या मालकांनी मला असे समजावले, की शिसे-कथलाचा डाख १८३ अंशांच्या आत वितळत नाही आणि त्यांची टाकी दीडशेच्या वर जात नाही, म्हणून डाख सुटण्याचे कारण ब्लूइंग असूच शकत नाही. हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. पण डाख वितळतो असे म्हणतो कोण? शिसे आणि कथील हे दोन्ही धातू तीव्र अल्कलीत विरघळतात, आणि द्रावण तापलेले असले तर ते अधिक वेगाने विरघळतात. टाकीचे तापमान कितीही काटेकोर सांभाळले तरी द्रावण डाखाला खातच राहते. शिवाय पट्ट्यांच्या आतली पोकळी बंद असल्यामुळे, जिथे डाखाला बारीकशी फट पडते तिथून ते क्षारांचे पाणी आत शिरते आणि कितीही धुतले तरी बाहेर येत नाही. बाहेरून काळीभोर दिसणारी नळी त्यानंतर कित्येक महिने आतून गंजत राहते. दुनळीला सावकाशीचीच पद्धत लागते, कारण साध्या उकळत्या पाण्याने डाखाला काहीही होत नाही. बंदुकांच्या धंद्यातली ही अगदी प्राथमिक गोष्ट आहे, आणि परवाना टांगून बसलेल्या दुकानदाराला ती ठाऊक नाही असे मानायला माझे मन तयार होत नाही.

माझी बंदूक बर्मिंगहॅमची, बारा बोअरची, आजोबांच्या वेळेपासून घरात असलेली. तिच्या उजव्या नळीवर गंजाचे खड्डे पडले होते आणि रंग ठिकठिकाणी उडाला होता, एवढीच तिची तक्रार होती. पट्ट्या घट्ट होत्या आणि ॲक्शन, म्हणजे नळ्या जिथे अडकतात तो मागचा भाग, ताठ होती. दुकानात देताना मी इतकेच सांगितले होते, की रंग जुन्यासारखा सौम्य असावा आणि नक्षीला हात लागू नये. कोणत्या पद्धतीने काम करणार हे मला सांगण्यात आले नाही. पावतीवर ‘पॉलिश व ब्लूइंग’ एवढेच शब्द आहेत. कबूल केलेली मुदत उलटून गेल्यावर बंदूक हाती आली ती आरशासारखी चकाकत. दुकानातल्या दिव्याखाली ती कोणालाही सुंदर वाटली असती.

घरी उजेडात पाहिल्यावर जे दिसले ते असे. ॲक्शनच्या दोन्ही बाजूंना वेलबुट्टीची जी बारीक नक्षी होती, तिच्या रेषा अर्ध्या पुसल्या गेल्या होत्या; उथळ रेषा तर राहिल्याच नव्हत्या. प्रत्येक स्क्रूच्या भोवतीची कड बशीसारखी खोलगट झाली होती, कारण बफच्या, म्हणजे पॉलिशच्या यंत्राच्या, फिरत्या कापडाला भोक आणि सपाट पृष्ठभाग यांतला फरक कळत नाही. ज्या ठिकाणी कोन होते तिथे गोलाई आली होती. वरच्या पट्टीवर प्रकाशाची तिरीप पडू नये म्हणून मुद्दाम कोरलेल्या आडव्या बारीक रेघा माशीच्या, म्हणजे नेम धरायच्या टोकाच्या, बाजूला गुळगुळीत झाल्या होत्या. आणि खड्डे? ते तसेच होते, फक्त काळे झाले होते. पुढच्या पावसाळ्यात खालच्या पट्टीच्या सांध्यातून आधी पांढरी बुकटी आणि नंतर तांबूस पाणी झिरपू लागले. मी नळ्या सुट्या करून, ॲक्शनमध्ये अडकणाऱ्या आकड्यात बोट घालून त्या अधांतरी धरल्या आणि नखाने टिचकी मारली. पट्ट्या घट्ट असलेल्या नळ्या घंटेसारख्या खणखणतात, हे वडिलांनी मला लहानपणीच दाखवले होते. या वेळी फुटक्या भांड्यासारखा बद्द आवाज आला. पट्टी जवळजवळ वीतभर लांबीत सुटली होती.

ही कैफियत माझ्या एकट्याची असती तर मी ती दुकानदाराशी मिटवली असती. पण यानंतर मी ज्या ज्या परवानाधारकांशी बोललो, त्यांतल्या अनेकांकडे याच जातीची हकिकत निघाली. कोणाच्या नळीला जांभळट तांबूस झाक आली आहे, कारण पोलादाची जात न पाहता सगळ्यांना एकाच टाकीत एकाच तापमानाला बुडवले. कोणाचे ब्लूइंग पहिल्याच वेळी तेलाच्या फडक्याला लागून निघून आले. यातला हा दुसरा प्रकार तर सरळ फसवणुकीचा आहे. सेलेनियमचे क्षार असलेले एक थंड द्रावण मिळते. ते कापसाने चोळले की पोलाद मिनिटभरात काळे पडते. एखादा ओरखडा किंवा स्क्रूचे डोके झाकण्यासाठी ते ठीक आहे. त्याने संपूर्ण नळी काळी करून ब्लूइंगचे पूर्ण पैसे घेणे म्हणजे ग्राहकाच्या अज्ञानाची वसुली करणे होय. कोणाच्या ॲक्शनवर मूळचे जे राखाडी-निळे-तपकिरी ढगाळ रंग होते, हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात पोलाद तापवून आणि पाण्यात विझवून आलेले, ते बफवर घासून काढले आणि वर काळे फासून दिले. ते रंग परत आणणे आपल्याकडे कोणाच्या आवाक्यातले आहे, हे मला तरी कोणी सांगू शकले नाही.

या सर्वांत ज्याची मला खरोखर भीती वाटते, ती गोष्ट पिळाच्या नळ्यांची आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक बंदुकांच्या नळ्या लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, त्या दांड्याभोवती गुंडाळून आणि ठोकून सांधलेल्या असत. त्यांना दमास्कस म्हणतात, आणि त्यांच्यावर लाकडाच्या रेषांसारखी जी वळणे दिसतात, ती या पिळाचीच. सावंतवाडी, कोल्हापूर, सातारा इकडच्या जुन्या घरांतून अशा बंदुका अजून आहेत. त्यांतल्या बहुतेक काळ्या दारूच्या काळात तपासलेल्या. आजच्या धूरविरहित दारूच्या काडतुसाचा दाब त्या सोसतील याची खात्री नाही. त्या नळीवरची वळणे ही पाहणाऱ्याला मिळणारी सूचना असते. ती बफवर घासून, कॉस्टिकच्या टाकीत बुडवून एकरंगी काळी केली, की ती सूचनाच नाहीशी होते. उद्या घरातला नातू ती साधी पोलादी नळी समजून बाजारातले काडतूस तिच्यात भरील. ज्या कारागिराने ती वळणे पुसली, त्याला या शक्यतेचा विचार सुचला नाही, की सुचूनही त्याने काम घेतले? दोन्हींपैकी काहीही खरे असले तरी ते अक्षम्य आहे.

घासकामाचा आणखी एक परिणाम डोळ्यांना दिसत नाही. खड्डे काढायचे म्हणजे खड्ड्याच्या तळापर्यंतचे धातू सगळीकडून कमी करायचे. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर असतो, आणि तोंडाकडच्या भागात चांगल्या जुन्या नळीची भिंत मुळातच पातळ ठेवलेली असते, कारण बंदूक हलकी असावी. बाहेरून घासले आणि आतूनही ‘नळी साफ’ म्हणून कातले, तर उरते काय, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. भिंतीची जाडी मोजण्याचे साधे उपकरण असते. ते मला आजवर एकाही दुकानात वापरताना दिसलेले नाही. खड्डे फार खोल असतील तर ‘हे निघणार नाहीत, काढू नयेत’ असे ग्राहकाला स्पष्ट सांगणे हेच कौशल्याचे लक्षण आहे. पण तसे सांगितले तर काम हातचे जाते.

आता मी ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहायला बसलो, तो. शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचे नाव, क्रमांक किंवा ओळखीची कोणतीही खूण पुसणे, काढणे, बदलणे हा अपराध आहे. त्याच कलमात पुढे असे आहे, की ज्याच्या ताब्यात खूण पुसलेली बंदूक सापडेल, त्यानेच ती पुसली असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाईल. बफवर धरलेल्या नळीचा क्रमांक अर्धवट उडाला, तर कायद्याच्या दृष्टीने उत्तर देण्याची पाळी बंदूकधारकावर येते, ज्याने उडवला त्याच्यावर नाही. माझ्या बंदुकीच्या नळ्यांखालचा क्रमांक आज भिंगाखालीही पुरता वाचता येत नाही. बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहाच्या मुकुटाच्या खुणा, ज्यांवरून नळी कोणत्या दाबाला तपासली आहे ते कळते, त्याही पुसट झाल्या आहेत. चापाच्या कमानीच्या शेपटीवर तोच क्रमांक पुन्हा कोरलेला आहे, आणि तेवढा भाग बफपासून वाचला म्हणून माझी बंदूक अजून ओळखता येते. हे दुकानात दाखवल्यावर मला सांगण्यात आले, की क्रमांक पुन्हा ठोकून देऊ, पैसे पडणार नाहीत. मी नकार दिला. पुसलेला क्रमांक स्वतःच्या मनाने पुन्हा ठोकणे म्हणजे खुणेत आणखी एक फेरफार, हे त्या माणसाला समजत नसेल तर त्याच्या हाती बंदुका सोपवल्या कशा जातात, असा प्रश्न मला पडला आणि अजूनही पडलेला आहे.

परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते आणि त्या वेळी ठाण्यातले कर्मचारी परवान्यावरचा क्रमांक बंदुकीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहतात. लोक गप्प का बसतात, याचे उत्तर इथे आहे. ज्याचा क्रमांक पुसट झाला आहे, तो माणूस तक्रार घेऊन कुठे जाणार? तक्रार करायची म्हणजे आपल्या बंदुकीवरची खूण नाहीशी झाली आहे हे स्वतःच्या हाताने लिहून द्यायचे, आणि पुढे परवान्याला धक्का लागला तर शेतीचे राखण गेले. भिडस्त माणसे एवढ्यानेच मागे सरतात. दुकानदारांना हे चांगले माहीत आहे. मला समोरासमोर सुचवण्यात आले, की फार ताणलेत तर त्रास तुम्हालाच होईल. हे वाक्य धमकी म्हणून उच्चारले गेले नव्हते, सल्ला म्हणून दिले गेले, आणि म्हणूनच ते मला अधिक गंभीर वाटते.

मला कारागिरांवर सरसकट आरोप करायचा नाही. सावकाशीच्या ब्लूइंगला आठवडा, दोन आठवडे सहज लागतात. पाणी, हवा आणि हाताची स्वच्छता यांची सतत काळजी घ्यावी लागते, आणि त्या कष्टांचे मोल द्यायला किती ग्राहक तयार असतात? ‘काळीभोर, नव्यासारखी चकचकीत करून द्या, आणि चार दिवसांत द्या’ अशी मागणी करणारेही आपणच आहोत. चांगल्या जुन्या इंग्रजी बंदुकीवर आरशासारखी चकाकी कधीच नव्हती. तिचा रंग खोल आणि मंद असतो. घासकाम हाताने, लाकडाच्या ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून, नळीच्या लांबीत करावे लागते, आणि ते करणारी जुनी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्या हाताला योग्य दाम मिळावा, असे मला मनापासून वाटते. पण ज्याला ही पद्धत येत नाही किंवा परवडत नाही, त्याने दुनळीचे काम नाकारावे. न येणारे काम घेणे आणि ते बिघडल्यावर ‘डाख जुनाच होता, सुटणारच होता’ असे म्हणणे, यात कारागिरीचा काही संबंध उरत नाही.

मग करावे काय? परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांनी दुरुस्ती दुकानांच्या तपासणीत केवळ किती शस्त्रे आली आणि गेली एवढ्याच नोंदी न पाहता, कामाची लेखी चिठ्ठी सक्तीची करावी. त्या चिठ्ठीत कोणत्या पद्धतीने ब्लूइंग होणार, कोणत्या भागाला बफ लागणार नाही आणि खड्ड्यांचे काय करणार, हे ग्राहकाच्या सहीसह असावे. काम सुरू होण्यापूर्वी क्रमांक आणि तपासणीच्या खुणा यांची छायाचित्रे दोघांकडे राहावीत. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, याला खर्च काहीच येत नाही. आणि दुरुस्तीत क्रमांकाला धक्का लागला, तर तो दुकानदाराने स्वतः ठाण्यात कळवावा आणि तसे कळवल्यावर कलम ८ मधले गृहीतक निर्दोष मालकाच्या गळ्यात पडू नये, अशी स्पष्ट सूचना गृह विभागाने काढावी. ही शेवटची गोष्ट झाली तर निम्मी भीती नाहीशी होईल आणि तक्रारी आपोआप उजेडात येतील.

तोवर ग्राहकांनी हे ध्यानात ठेवावे, की बंदूक असली तरी ब्लूइंग ही पैसे देऊन घेतलेली सेवाच आहे आणि तिला ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ लागू होतो. निष्काळजीपणा तर त्रुटी आहेच, पण ग्राहकाला सांगायला हवी ती माहिती मुद्दाम दडवणे हीसुद्धा त्या कायद्याच्या व्याख्येत सेवेतील त्रुटी आहे. दुकान दुसऱ्या शहरात असले तरी आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते; पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही, वकील द्यावाच लागतो असे नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावरही आधी विचारता येते. अडचण आहे ती तज्ज्ञाच्या मताची. डाख अल्कलीने खाल्ला की जुना होऊन सुटला, हे धातुशास्त्र जाणणारा सांगू शकतो, पण बंदूक कोणाच्याही प्रयोगशाळेत सहज नेऊन ठेवता येत नाही. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या धातुशास्त्र विभागांना, मालक आणि पोलीस यांच्या समक्ष अशी पाहणी करून मत देण्याची परवानगी मिळाली, तर आयोगांचेही काम सोपे होईल.

मी माझी तक्रार जिल्हा आयोगाकडे दिली आहे आणि त्याच वेळी क्रमांकाबाबतचा सविस्तर अर्ज, चापाच्या कमानीवरच्या क्रमांकाच्या छायाचित्रासह, परवाना शाखेत दाखल करून त्याची पोच घेतली आहे. ज्यांच्या बाबतीत असे घडले आहे त्यांनीही निदान हा अर्ज तरी नूतनीकरणाची वाट न पाहता द्यावा. ज्यांची दुनळी या क्षणी दुकानात आहे आणि काम अजून सुरू व्हायचे आहे, त्यांनी आजच फोन करून एवढेच विचारावे, की नळ्या कॉस्टिकच्या टाकीत जाणार आहेत का; उत्तर ‘हो’ असेल किंवा टाळाटाळीचे असेल, तर बंदूक आहे तशी परत आणावी.

कळावे,

आपला,
एक परवानाधारक शेतकरी
कुडाळ तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग